कोरडा सांधा

नळाच्या कामात माझा एकच नियम होता. आटे दिसले की दोरा गुंडाळायचा. तागाचा दोरा, त्यावर सफेदा, मग पान्यानं आवळायचं, आणि आवळून झालं की वर आणखी पाव फेरा. या नियमावर चाळीस वर्षं पोट भरलं. बेंगळुरात कुठं कुठं सोलरच्या टाक्या चढवल्या ते आता आठवत नाही, पण माझा सांधा गळतोय म्हणून कुणी मला परत बोलावलं नाही. याच नियमानं मी एका बाईचं वाटोळं करायला निघालो होतो, ते सांगतो.

मी निपाणीकडचा, चौथी शिकलेला. लिहायची सवय नाही. बोलतो तसं लिहितोय, गोड मानून घ्यायचं तर घ्या.

बायको गेली त्याला दीड वर्ष झालं. मूलबाळ नाही. मल्लेश्वरमच्या मागच्या गल्लीत एक खोली, त्यात मी आणि तिचे देव. काम सोडलं होतं. दिवसभर बसून राहायचो. शेजारची अक्का डबा ठेवून जायची आणि संध्याकाळी बहुतेक तसाच परत न्यायची.

एक दिवस ओळखीचा माणूस दारात आला. पूर्वी माझ्याबरोबर साइटवर असायचा, एसीचं काम करायचा, पुढं शिकून सर झाला. सगळे त्याला गॅसचे सर म्हणतात, मीही तेच म्हणतो. तो कानडीत बोलतो, मी मराठी मिसळून, आमचं पहिल्यापासून असंच चालतं.

"मेस्त्री, भिंतीला काय शिकवत बसलाय? आमच्याकडं या. माणसं आहेत. शिव्या घालायला तरी बरी."

हेब्बाळला तळ्याच्या अलीकडं एक पत्र्याची शेड आहे. तिथं काम सुटलेल्या माणसांना फुकट शिकवतात. आमच्या खेपेला चौदा जण होते. एकाचा पाय रिक्षाखाली गेलेला, दोघं निराश्रितांच्या निवाऱ्यातले, बाकी कुणी हॉटेलातलं, कुणी बांधकामावरचं. त्यांना हीट पंप बसवायला शिकवायचं. हीट पंप म्हणजे काय, ते मी त्यांना माझ्या भाषेत सांगायचो. फ्रीज आतली ऊब काढून मागं टाकतो. मागं हात लावून बघा, गरम लागतं. हे मशीन बाहेरच्या हवेतली ऊब ओढून टाकीतल्या पाण्यात सोडतं. ढग आले की सोलर रुसतं, हे रुसत नाही. वीज खातं, पण गिझरच्या मानानं स्वल्प.

मशीन आणि टाकी यांच्यामध्ये तांब्याच्या दोन नळ्या असतात, त्यांतून गॅस फिरतो. तो भाग गॅसच्या सरांचा. टाकीपासून नळापर्यंतचं पाणी माझं. अशी वाटणी होती. मी ती पाळली असती तर हे लिहायची वेळ आली नसती.

त्या चौदात एक बीदरकडची बाई होती. पस्तिशीची असेल. आठ वर्षं गारमेंटमध्ये शर्टांना कॉलर लावत होती, फॅक्टरी बंद पडली. नवरा सोडून गेलेला. दोन पोरं बीदरला तिच्या आईजवळ. मराठी बोलायची, म्हणून मला मामा म्हणायला लागली. जेवताना एकच गोष्ट बोलायची. "जूनला पोरं आणायची मामा, हितं शाळेत घालायची. काम लागलं की आणायची." सर्जापूर रोडच्या इमारतींत हीट पंप बसवणारी एक कंपनी पास झालेल्यांना सोमवारपासून कामावर घेणार होती. नापास झालेल्यांनी पुढच्या खेपेपर्यंत थांबायचं. पुढची खेप दिवाळीनंतर. म्हणजे जून गेलाच.

तिचा हात चांगला होता. हे मी तिला कधी सांगितलं नाही. मी तिला म्हणायचो, "पाना धरलाय का लाटणं?" ती म्हणायची, "लाटणं धरता आलं म्हणून पाना धरता येतोय मामा. तुम्हाला लाटणं धरता येतं का?" बाकीचे हसायचे.

गॅसच्या नळीचा सांधा वेगळा असतो. नळीचं तोंड धोतऱ्याच्या फुलासारखं पसरवायचं, ते पितळेच्या टोकावर बसवायचं आणि वरून नट आवळायचा. त्याला फ्लेअर म्हणतात. तांबं पितळेवर दाबून बसतं, तेवढ्यावर गॅस अडतो. त्या नटाच्या आट्यांवर काही लावायचं नसतं. दोरा नाही, टेप नाही, सफेदा नाही. गॅसचे सर रोज ओरडून सांगायचे, "हा सांधा कोरडा!" मी पलीकडच्या टेबलावरून ऐकत होतो. ऐकलं होतं, पटलं नव्हतं. आटे आहेत आणि दोरा नाही, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं.

परीक्षा शुक्रवारी होती. बाहेरून परीक्षक आले. सकाळी प्रत्येकानं आपला सांधा करून टेबलावर ठेवायचा, त्याला नंबराची चिठ्ठी. जेवणानंतर त्यात दाबानं हवा भरून बघायचं, सुटते का. सगळे जेवायला गेले. मी हात धुवायला म्हणून शेडमध्ये आलो. तिची चिठ्ठी दिसली. नटाच्या मागं आटे उघडे दिसत होते. कोरडे ठणठणीत.

मला वाटलं, गेली ही. जून गेला हिचा.

बाकीच्यांचे सांधेही कोरडेच होते. त्यांच्याकडं माझं लक्षसुद्धा गेलं नाही. मी तिचा नट खोलला. खिशात तागाचा दोरा कायम असतो. चार वेढे दिले, मोठा पाना घेतला, आवळलं, आणि वर पाव फेरा. चिठ्ठी सरळ केली आणि बाहेर येऊन भात खाल्ला. कित्येक महिन्यांनी ताट पुसून खाल्लं, खोटं कशाला बोलू.

दुपारी परीक्षकांनी तिच्या सांध्यात दाब भरला, साबणाचं पाणी लावलं. फेस नुसता उसळला. त्यांनी नट खोलून बघितला. दोरा पिंजून आत गेलेला, तांब्याच्या फुलाला चीर पडलेली.

"हे काय? गोधडी शिवलीय का?"

"मी नाही गुंडाळला साहेब. मी कोरडाच ठेवला होता."

गॅसचे सर वैतागले. "मग भुतानं गुंडाळला का? सांगून सांगून घसा बसला माझा. पाण्याची सवय गॅसला लावली, दुसरं काय!"

मी चार हातांवर उभा होतो. माझी जीभ फटकळ आहे, गल्लीत कुणालाही विचारा. त्या वेळी ती टाळ्याला चिकटली. तिनं एकदा आपल्या हातांकडं बघितलं. मग पिशवी उचलली आणि गेली. चौदापैकी अकरा पास झाले. पेढे आले. मी एक घेतला, खिशात टाकला.

घरी आलो. चहा ठेवला, गॅस बंद केला आणि सवयीनं परत एकदा बटण दाबून बघितलं. तिथंच थांबलो.

बायको रोज गॅस बंद करायची आणि मी उठून परत बघायचो. तिनं नळ बंद केला की मी आणखी पिळायचो. तिनं कुलूप लावलं की मी ओढून बघायचो. तिनं बांधलेली गाठोडी मी सोडून परत बांधायचो. लग्नापासून असंच. ती म्हणायची, "एकदा तरी म्हणा, की बरोबर केलंस." मी म्हणायचो, बरोबर असेल तर म्हणायचं कशाला? शेवटच्या आजारपणात तिला उठवत नव्हतं, तरी तिनं बसल्या बसल्या आपल्या चादरीची घडी घातली. मी ती उचलली, झटकली आणि परत घातली. कोपऱ्याला कोपरा लावून. ती म्हणाली, "राहू द्या की हो. तेवढी एक घडी माझी राहू द्या." मी ऐकलं नाही. घडी चांगली झाली होती, माझी. त्यानंतर तिनं कशाला हात लावला नाही. बारा दिवसांनी गेली.

त्या बाईचा सांधा मी दयेनं उघडला असं मला दुपारी वाटलं होतं. दया कसली? तिनं केलंय म्हणजे कच्चं असणार, एवढंच होतं ते.

सकाळी पहिल्या बसनं हेब्बाळला गेलो. गॅसचे सर शेड उघडत होते. मी म्हटलं, "तो दोरा मी गुंडाळला."

त्यांना आधी कळलंच नाही. कळल्यावर कुलूप हातातच राहिलं. "मेस्त्री, तुम्ही माझ्या बापाच्या वयाचे. नाहीतर..." पुढचं गिळलं त्यांनी. मग म्हणाले, "काल का नाही बोललात? सगळ्यांसमोर मी तिला भूत-बीत काय काय बोललो."

"घाबरलो."

"तुम्ही?"

"मी."

त्यांनी परीक्षकांना फोन लावला. परीक्षक म्हणाले, तोंडी चालणार नाही, लिहून पाठवा. मला कानडी लिहिता येत नाही. मी सांगितलं, सरांनी लिहिलं. "लिहा, अक्कल नसताना लुडबुड केली." सर म्हणाले, असं लिहीत नाहीत. त्यांनी काय लिहिलं ते वाचून दाखवलं, फार सभ्य होतं. मी खाली मराठीत सही केली. परीक्षक सोमवारी सकाळी परत यायला तयार झाले. कंपनीचा माणूस म्हणाला, सोमवारी दुपारपर्यंत तिची जागा धरतो, पुढं नाही.

तिला बोलावून घेतलं. ती आली तेव्हा डोळे सुजलेले होते. चार-पाच जण शेडमध्ये होते, त्यांच्यादेखत मी सांगितलं. काय केलं, कधी केलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "मामा, काल घरी जाऊन मी लई विचार केला. वाटलं, आपणच गुंडाळला असंल आन् आपल्याला आठवत नसंल. डोकं फिरलं का आपलं, असं वाटलं. माझ्या हातानं कॉलर कधी वाकडी लागली नाही. त्या हाताचा मला भरवसा वाटंना."

"चुकलं माझं," मी म्हटलं. तोंडातून हे शब्द निघाले तेव्हा मलाच अनोळखी वाटले. ज्या बाईला पहिल्यांदा म्हणायला हवे होते ती ऐकायला नव्हती.

"कशाला उघडलंत पण?"

खिशातला तागाचा दोरा काढून मी टेबलावर ठेवला.

गॅसचे सर म्हणाले, सोमवारी मेस्त्रींनी शेडमध्ये यायचं नाही. मी कानडीत म्हटलं, सरी, म्हणजे बरं. तेवढ्यात तीच म्हणाली, "न्हाई सर, येऊ द्या त्यांना. माझ्या समोर बसवा. त्यांचे हात मला दिसले पायजेत."

लोक हसले. ती हसली नव्हती.

सोमवारी मला तिच्या टेबलासमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. मी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. तिनं नळी कापली. तोंड खाली धरून कडा खरवडल्या, तांब्याचा चुरा आत जाऊ नये म्हणून. मग नट आधी नळीवर चढवला. हे पुष्कळ जण विसरतात आणि फूल केल्यावर डोक्याला हात लावतात. ती विसरली नाही. फूल केलं, उजेडाकडं धरून बघितलं, पसंत पडलं नाही. कापून टाकलं. परीक्षकांनी घड्याळ बघितलं. तिनं दुसरं केलं. त्यावर तेलाचा एक थेंब बोटानं फिरवला, आणि नट नुसत्या बोटांनी फिरवत नेला. नंतर मापाचा पाना घेतला. तो पाना ठरलेल्या जोराला पोचला की टक् वाजतो, तिथं थांबायचं.

टक् वाजलं. ती थांबली.

मला वाटलं, अजून पाव फेरा बसतोय. देवाशप्पथ सांगतो, बसत होता. माझा उजवा हात गुडघ्यावरून वर आला. तिनं मान उचलून त्या हाताकडं बघितलं. मी हात खाली ठेवला आणि त्यावर डावा हात ठेवून दाबून धरला.

दाब भरला. साबणाचं पाणी लावलं. सगळे वाकून बघत होते. अर्धा तास दाबाचा काटा हलला नाही. बुडबुडा एकही नाही.

परीक्षकांनी कागदावर खूण केली. ती माझ्याकडं बघत होती. मला कळलं ती कशाची वाट बघतेय. मी म्हणून टाकलं.

"बरोबर केलंस."

"माहीताय मला," ती म्हणाली. "हात सोडा आता, पांढरे पडले."

मग ती शेडच्या दारात जाऊन उभी राहिली आणि बीदरला आईला फोन लावला. पलीकडं ऐकू येत नसावं, कारण ती मोठ्यानं ओरडत होती.

"दाखले म्हणते मी, दाखले! दोघांचे बी. उद्या शाळंत जा आन् काढून आण."