रागाचा दुसरा टेक

वेल्समधल्या आमच्या गावात माणसाला धंद्यावरून नाव पडतं. कुणी कोळसेवाला, कुणी दूधवाला, तसे शेजारचे इद्वलकाका म्हणजे इद्वल मुडदा. टीव्हीवरच्या पोलिसी मालिकांत तळ्यात, खाणीत नाहीतर मेंढ्यांच्या गोठ्यात जी प्रेतं सापडतात, त्यांतली बरीचशी त्यांची. ते पाद्री झाले, परग्रहावरचे हिरवे वजीर झाले, सॉसेजच्या जाहिरातीत आजोबाही झाले. पण गावाने लक्षात ठेवलं ते मेलेलंच. "मुडदा आला, पावाचं गिऱ्हाईक," असं बेकरीवाला त्यांच्या तोंडावर म्हणतो.

काका त्यावर चिडत नाहीत. ते चिडतात कोटावरून.

वेल्समध्ये बऱ्याच मालिका दोनदा चित्रित करतात. प्रसंग आधी आपल्या वेल्श भाषेत, मग तेच कपडे घालून इंग्रजीत. पाटीच्या दगडाच्या खाणीवर एक मालिका निघाली, त्यात काका मुकादम होते. वेल्शमधले. इंग्रजीतला मुकादम म्हणून लंडनहून एक नावाजलेला नट आणला होता. वेल्श शॉट झाला की काकांच्या अंगावरचा कोट उतरवायचा, त्या नटाला चढवायचा, आणि काकांनी मागे घोडा धरून उभं राहायचं. हे ते आमच्या स्वयंपाकघरात सांगायचे, बाहेर कधी नाही. बाहेर बोललं तर पुढचं प्रेत मिळत नाही.

मग काकांच्या कारकिर्दीवर एक कार्यक्रम करायचं वाहिनीने ठरवलं. काकांच्या घरात उजेड कमी, म्हणून मुलाखत आमच्या बैठकीत ठेवली. काकांची एकच अट होती. "कोटाचं बोलणार. बाकी काय विचारायचं ते विचारा." दिग्दर्शक स्टेफन कार्डिफचा, गोड पोरगा. म्हणाला, "अहो, त्यासाठीच तर आलोय."

आधी वेल्शमध्ये झालं. काका हळूच सुरू झाले.

"बटणंसुद्धा मला काढू दिली नाहीत. लहान पोराचं झबलं काढतात ना, तसे मी हात वर केले. माझी ऊब होती त्यात. तो लंडनवाला म्हणाला, 'वा, गरम आहे.' आणि मी त्याला काय म्हणालो असेन? थँक्यू. मला त्यांचा राग येतोच, पण त्या थँक्यूचा जास्त येतो."

दाराआड माझी आई, एल्युनेड, मनुकांच्या केकची ताटली धरून उभी होती, ती तशीच राहिली.

"अप्रतिम," स्टेफन म्हणाला. "आता हेच इंग्रजीत. फक्त कोटाचं जरा हसत सांगाल का? एखादा किस्सा सांगतो तसं. नाहीतर तिकडच्यांना वाटेल, म्हातारा कुरकुरतोय."

"आणि नाही हसलो तर?"

"तर ते इंग्रजीत राहणार नाही कदाचित. वेल्शमध्ये आहेच की."

"ज्यांनी कोट काढला त्यांना वेल्श येत नाही, बाळ. मग मी सांगत कुणाला होतो? एल्युनेडला? तिला पाठ आहे."

"मला घोड्याचं नावसुद्धा माहितेय," आई दारातून म्हणाली.

काकांनी इंग्रजीत सांगितलं. शब्द न् शब्द तोच. हसले नाहीत. स्टेफनने मान हलवली, हात मिळवला, केक खाल्ला आणि आणखी दोन तुकडे बांधून नेले.

कार्यक्रम रविवारी दुपारी लागला. आम्ही तिघं आमच्याच बैठकीत. वेल्शमधला पूर्ण होता. बघून आईने डोळे पुसले. काका म्हणाले, "रडतेस काय, खरी परीक्षा पुढे आहे." मग इंग्रजी. वजीर आला, पाद्री आला, मुकादमाचा एक फोटो आला, आणि काका तोंड उघडणार तेवढ्यात त्यांचीच जुनी सॉसेजची जाहिरात. पूर्ण, गाण्यासकट. कोटाचं एक अक्षर नाही.

"मेल्यांनो," आई टीव्हीला म्हणाली. "केक खाऊन गेलात ना रे."

मीही दोन-चार शब्द वापरले, ते इथे लिहीत नाही. काका उठले, व्हरांड्यातल्या आमच्या फोनपाशी गेले, चष्मा लावून वाहिनीचा नंबर फिरवला. रविवार. पलीकडे निरोप घेणारं यंत्र. वेल्शसाठी एक, इंग्रजीसाठी दोन.

काकांनी दोन दाबलं.

"माझं नाव इद्वल पॅरी," ते म्हणाले. आवाज इतका शांत की आईने टीव्ही बंद केला. मग कोट, बटणं, ऊब, ते थँक्यू, आणि त्यावर आज दुपारचं सगळं. स्टेफनचं नाव दोनदा, केकचं एकदा. मध्येच यंत्राने टूं केलं, निरोपाची वेळ संपली होती.

काकांनी परत नंबर फिरवला. परत दोन. आणि तुटलं होतं तिथून नाही, पहिल्यापासून सुरुवात केली.