सोनोग्राफीच्या बाकावर मालनबाई

बायांनो, ब्लाउजच्या आतलं दुखणं सांगायला आपल्या घरात जागा नसते.

गुडघा दुखला तर चारचौघांत सांगता येतं. कंबर दुखली की शेजारीण पट्टा सुचवते. स्तन दुखला तर? तो शब्दच जिभेवर येत नाही.
आपण मिठाने शेकतो, घट्ट बांधतो आणि पुन्हा भाकऱ्या थापायला बसतो.

याचा मला कायमच संताप येतो. आज जास्त येतोय, कारण आज मालनबाईंना जाऊन एक वर्ष झालं.

मालनबाई मूळच्या उंब्रजच्या. सगळं आयुष्य सरकारी दवाखान्यात नर्स. रिटायर झाल्यावर कुपवाडला मुलाकडे आल्या, आमच्या शेजारी. गल्ली त्यांना ‘सिस्टर’च म्हणायची.

माझी धाकटी जाऊ रूपाली. चाळिशीला टेकलेली, दोन मुलींची आई. एकदा नळावर ती डाव्या हाताने बादली उचलत होती. मालनबाईंनी तेवढंच पाहिलं.

“डावखुरी कवापासनं झालीस गं?”

रूपाली तिथेच रडायला लागली.

उजव्या बाजूला चार महिने दुखत होतं. एकाच घरात राहून मला पत्ता नाही! ती मनातून मरायला तयार झाली होती. मुलींना कुणाकडे ठेवायचं, हेसुद्धा ठरवून बसली होती.

मालनबाईंनी विचारलं, “पाळीच्या आधी दोन्हीकडं जड होऊन दुखतंय, का एकाच जागी?”

“एकाच जागी. बोट ठेवून दाखवते.”

“मग डॉक्टरला दाखवायचं. पाळीबरोबर येतं-जातं, त्याला बऱ्याचदा फोटोबिटो लागत न्हाई, हातानं तपासून सांगत्यात. पण एकाच जागी ठाण मांडून बसलंय, ते आत बघायला पायजे. आणि हे बघ, दुखतंय म्हंजी कॅन्सरच, असं लय कमी वेळा असतंय. उगं मरू नगस.”

सांगलीच्या डॉक्टरबाईंनी तपासून मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, आणि सोनोग्राफी, दोन्ही लिहून दिलं. आणि रूपाली अडून बसली.

“सोनोग्राफीच्या दारात कुणी बघितलं तर? दोन मुलींवर मुलगा आहे का बघायला गेली, म्हणतील.”

ऐका, आणि शरम वाटू द्या. ज्या मशीनने आपल्या लोकांनी पोटातल्या मुली हुडकून मारल्या, त्याच मशीनच्या दारात जायची आज आपल्याच बाईला भीती वाटते. पाप कुणाचं, आणि तोंड लपवायचं कुणी?

हे सगळं मी तिला अर्धा तास समजावलं. मालनबाई शांतपणे म्हणाल्या,
“बाई, तुमचं भाषण झालं असंल तर तिला चप्पल घालू द्या.”

आम्ही तिघी गेलो. मॅमोग्राफीच्या खोलीत मालनबाईंनी तिला हसवलं. “भाकरीगत दाबत्यात, घटकाभर सोस.” तेवढ्यात झालंही.

मग सोनोग्राफीच्या बाहेरचा बाक. भिंतीवर ‘येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही’चा बोर्ड.
आणि बोर्डाखाली आमच्याच गल्लीतल्या कमलकाकी! त्या पित्ताच्या खड्यांसाठी आल्या होत्या.

“काय गं रूपाली, गोड बातमी का?”

रूपाली उठून चालायलाच लागली. मालनबाईंनी तिचा हात धरला आणि कानात विचारलं, “सांगू?”
रूपालीने मानेनेच ‘हो’ म्हटलं.

“गोड बातमी न्हाई, कमल. हिचा स्तन दुखतोय. चार म्हैनं झालं. म्हणून आलोय.”

पुरुषमंडळी एकदम मोबाईलमध्ये घुसली.

मालनबाई तेवढ्याच सहजपणे म्हणाल्या, “तुझं काय दुखतंय का?”

कमलकाकींनी पदर सावरला.

“दुखत न्हाई, सिस्टर. गाठ लागतीया नुसती. दिवाळीपासनं.”

“आणि सांगितलं न्हाईस?”

“आवं, दुखतच न्हाई, तर काय सांगायचं?”

मालनबाईंचा चेहरा मी विसरणार नाही. रूपालीला आत सोडून त्या कमलकाकींजवळ सरकून बसल्या. “न दुखणारी गाठ आधी दाखवायची असती, बाई. आज दाखवल्याबिगर घरला जायाचं न्हाई.”

रूपालीची पाण्याची गाठ निघाली. सुईने पाणी काढलं, दुखणं थांबलं. रिपोर्ट हातात घेऊन ती जिन्यातच बसली आणि पोटभर रडली.

कमलकाकींचा कॅन्सर निघाला.
वेळेत निघाला. ऑपरेशन झालं, केस गेले, केस परत आले. आज त्या गल्लीत सगळ्यांशी भांडतात.

मी आयुष्यभर स्टेजवरून बायकांच्या हक्कांवर बोलले. पण एका बाकावर बसून, एक शब्द न लाजता उच्चारून बाईचा जीव वाचवलेला मी एकदाच पाहिला.

पोस्टसाठी विचारायला गेले तेव्हा कमलकाकी म्हणाल्या, “नावासकट लिव्ह. सिस्टर लाजली न्हाई, मी कशाला लाजू?”

म्हणून आज मालनबाईंसाठी फुलांच्या इमोजी नकोत.

आजच घरातल्या एका बाईला बाजूला घ्या आणि विचारा, “स्तनात कुठं दुखतंय का? गाठ लागते का?” हो म्हणाली, तर याच आठवड्यात तिच्यासोबत डॉक्टरकडे जा.
तिला एकटीला पाठवू नका.

सिस्टर, आपल्या गल्लीतल्या सगळ्या बायकांचा तुम्हाला नमस्कार.