आईच्या लोणच्याचा फोन

नव्वदच्या सुमारास सिल्वासातल्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात मी टेलिफोनच्या बोर्डावर बसायचे. शेठनी पहिल्याच दिवशी बजावलं, "बेन, कोण कुणाशी काय बोलतं, सगळं ऐकायचं आणि वहीत लिहायचं." संध्याकाळी ती वही त्यांच्या टेबलावर जायची. मीही मेली शहाणी, मन लावून लिहायचे.

एकदा लिहिलं, की अमक्या सुपरवायझरनं वापीला नोकरीची चौकशी केली. दुसऱ्या दिवशी तो गेटबाहेर! बायकापोरं, गाठोडी घेऊन धुळ्याच्या बसमध्ये चढताना मला दिसला. माझ्या दोन ओळींनी त्याचं बिऱ्हाड उठलं होतं.

पुढच्याच आठवड्यात आमच्या इंजिनीअरांचा फोन जोडला. भला माणूस, मला ताई म्हणायचे. पलीकडे नाशिकची कंपनी, आणि चक्क मुलाखतीची वेळ ठरत होती. शेठ काचेतून माझ्याकडेच बघत होते. आता लिहू काय, कपाळ? लिहिलं, "आईनं लिंबाचं लोणचं सांगितलं. पंचवीस लिंबं, दोन वाट्या मीठ..." माझ्या घरची कृती धडाधड उतरवून टाकली.

काही दिवसांनी शेठनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"इंजिनीअरसाब, तुमच्या आईचं लोणचं आमच्याकडे बनवलं. एकदम फस्क्लास! हां, आपल्याला सगळं कळतं! पण मीठ जरा जास्ती."

इंजिनीअर माझ्याकडे बघतच राहिले. मी मनात देव आठवले. मग ते शांतपणे म्हणाले, "हो शेठ, आईचा हात मिठाला सैलच आहे."

बाहेर आल्यावर म्हणाले, "ताई, माझी आई जाऊन नऊ वर्षं झाली." मी वहीची सगळी हकीकत सांगितली आणि दोघंही हसत सुटलो, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. हसता हसता ते थांबले. "म्हणजे बायकोशी बोलतो, तेही ऐकता?"

मी "हो" म्हटलं. इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्या दिवसापासून लाईन जोडली की मी कानावरचा हेडफोन काढून ठेवायचे. वही मात्र रोज भरायची. सांडगे, कुरडया, मेतकूट. तिकडे शेठाणी सुगरण होत चालली.

महिन्याभरानं इंजिनीअरांनी राजीनामा दिला. शेठ माझ्यावर उखडले, "वहीत तर कधी काही आलं नाही!"

"शेठ," मी म्हटलं, "ते बिचारे फोनवर नुसतं खाण्याचंच बोलायचे."