साहेबांची फ्रेंच नाणी

चौथीपर्यंतच शिकले, म्हणून शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वेडंवाकडं येईल. माफी असावी.

आज सोनाराकडे रिठ्याच्या पाण्यात नातीचे पैंजण धुऊन घेतले. त्या वासाने, मी पूर्वी कामाला होते त्या तुंगार्लीच्या बंगल्यातले साहेब आठवले. ते फ्रान्सच्या जुन्या राजांची चांदीची नाणी जमवायचे आणि रिठ्याच्याच पाण्यात धुवायचे. एकदा नाण्याचं पार्सल दारात आलं आणि त्यांच्याकडे रोख नव्हती. माझ्या पोरीच्या फीचे तीन हजार त्यांनी उसने घेतले. नाण्याला शिवताना हातमोजे घालणाऱ्या माणसाने माझ्या नोटा थुंकी लावून मोजल्या. तेव्हा तो मला मोठा माणूस वाटायचा. आता वाटतं, मेलेल्या राजांची तोंडं जमवणारा भिकारीच तो.

"उद्या देतो," असं महिनाभर चाललं. मी लाजरी, पैसे मागायला जायचे आणि त्यांच्या खोलीच्या दारातूनच परतायचे. फी भरायच्या शेवटच्या दिवशी बंगल्यावर पाहुणे आले. साहेब मखमलीवर ठेवलेलं तेच पार्सलातलं नाणं दाखवत होते. त्यावरचे लांब कुरळे केस बघून, चहा देताना मी विचारलं, "ही राणी व्हय?"

"राजा आहे तो, अडाणी! तुला काय कळणार याची किंमत?"

"सगळी न्हाई कळत, साहेब. पण त्यातले तीन हजार माझे हायती."

पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. साहेबांचे कान लाल झाले. पाकिटात दोनच हजार निघाले. उरलेले हजार त्यांनी पाहुण्यांकडून मागून घेतले आणि माझे सगळे पैसे तिथंच चुकते केले.