खरवडलेली विहीर

शहराचे नकाशे काढण्यात माझं आयुष्य गेलं. ड्राफ्ट्समन म्हणून लागलो तेव्हा साहेबांनी इंग्रजांच्या वेळचा सिव्हिल लाइन्सचा नकाशा पुढ्यात पसरला, आणि माझी नजर त्यावरून हटेना. बंगल्यांच्या आवारातलं एकेक झाड त्यात होतं. तबेला, बागेतली पायवाट, माळ्याची खोलीसुद्धा. रेघ केसाएवढी बारीक, कुठे थरथर नाही. कचेरीबाहेर पडलो तर तीच झाडं रस्त्यावर सावली धरून उभी. राज्य गेलं, आखणारे हात केव्हाच मातीत मिळाले, पण त्यांच्या रेघेवरून आमच्या सायकली निमूट वळत होत्या. आजही ऑटो तिथूनच वळतात. त्याचं नवल मला अजून सरलेलं नाही.

त्याच नकाशात नाल्यापलीकडे मात्र सगळं कोरं होतं.

नव्या रस्त्याच्या आखणीसाठी मला तिकडे पाठवलं. कोऱ्या जागी अख्खी वस्ती निघाली. निळं निशाण लावलेलं लहानसं विहार, आणि मधोमध दगडी विहीर. मी आत वाकून पाहिलं. भर मे महिन्यात पाणी काळंभोर, काठोकाठ. चुन्याशिवाय बसवलेले दगड असे जुळलेले, की सांध्यात नख शिरू नये. ती आमच्या कचेरीच्या इमारतीहून जुनी असणार. नुकतंच लग्न होऊन वस्तीत आलेल्या एका बाईने पोहरा ओढून मला पाणी दिलं. मी महाल या जुन्या पेठेतल्या सोवळ्या घरातला. प्यालो, आणि घरी ते सांगितलं नाही.

परत येऊन मी विहीर आणि घरं नकाशात काढली. साहेब हसले.

"काहून गा, इंग्रजांले दिसली नाही ते तुले दिसली?" मग म्हणाले, "जुन्या नकाशात नाही म्हणजे अतिक्रमण. खरवड."

ट्रेसिंगच्या कापडावरची शाई आम्ही ब्लेडने खरवडत असू. मग ती जागा घासून गुळगुळीत करायची, म्हणजे नवी शाई पसरत नाही. ते काम माझ्याइतकं सफाईने कुणाला जमत नसे. विहीर गेली, घरं गेली आणि रस्त्याची रेघ सरळ पलीकडे पोचली. प्रत्यक्षात रस्ता विहिरीला खेटून गेला आणि अर्धी वस्ती त्याखाली आली. अतिक्रमण ठरल्यामुळे त्या लोकांना दुसरी जागा मिळाली नाही. साहेबांनी वस्ती उठवली, असं आजवर सगळे म्हणतात, मीही म्हणत आलो. साहेबांनी सांगितलं हे खरं. खरवडली मी, आणि सहीही माझी.

आता तोच रस्ता रुंद होणार आहे. उरलेली घरं पुन्हा अतिक्रमण ठरली. हरकतींची सुनावणी होती, तिथे मी गेलो. ती बाई, आता माझ्यासारखीच म्हातारी, पुढच्या खुर्चीत बसली होती. तिने मला ओळखलं.

"तुमीच ना पाणी पिऊन गेलते? मंग आमची विहीर कुठी नेली गा?"

हॉलमध्ये हशा पिकला. तो थांबल्यावर मी उभा राहून सगळं सांगितलं. समोरची अधिकारी माझ्या मुलीच्या वयाची. नकाशावरून नजर न काढता म्हणाली, "काका, पण तुमच्याच सहीच्या नकाशात इथे काहीच नाही."

"म्हणूनच आलो," मी म्हणालो.

तिने वस्तीच्या नव्या मोजणीचा आदेश दिला आणि स्वतःही आली. हातभर अंतरावरून ट्रक धडधडत जात होते, जमीन हादरत होती. ती विहिरीवर वाकली आणि तिने दगडांच्या सांध्यात नख घालून पाहिलं. मीही पाहिलं. एकही दगड सरकलेला नव्हता.

मोजणीवाल्यांना एक माणूस कमी पडत होता. मी टेपचं टोक धरून काठावर बसलो. म्हातारी दारातून ओरडली, "नीट धरा गा साहेब! तुमच्या हातून बहुत काही सुटते."

मोजणीवाल्याने आकडा मोठ्याने वाचेपर्यंत मी हात हलवला नाही.