बैत खाली

शारजाच्या जुन्या वस्तीत पडक्या घराच्या दारावर तीनदा टकटक करून, चपला काढून, उत्तराची वाट पाहणारा एकच माणूस होता. अब्बासमामा. घराचं छप्पर खचलेलं असे, अंगणात शेळ्या हिंडत, मालक कधीच शहराबाहेरच्या नव्या व्हिलात गेलेला असे. मामा तरीही थांबत. मग "येतो हां आत," असं मराठीत सांगून उंबरा ओलांडत.

"मामा, आत ऐकायला कोण आहे?" मी एकदा विचारलं.

"रिकामं असलं तरी घरच ना ते, पेपरवाले? तुमच्या ऑफिसात कोणी न विचारता घुसलं तर चालेल?"

मामा रत्नागिरीकडचे, गवंड्यांच्या घरातले. नव्वदच्या दशकात खाडीलगतची ओस पडलेली घरं सरकारी पैशाने दुरुस्त करायचं ठरलं, तेव्हा ते ठेकेदाराकडे पाहणीच्या कामाला होते. घर ओस आहे का, भिंती टिकतील का, वासे किती कुजलेत, एवढं फॉर्मवर लिहायचं आणि दाराशेजारी हिरवा ठिपका काढायचा. ठिपका म्हणजे दुरुस्ती मंजूर. अट एकच, घर ओस हवं. राहत्या घराला पैसा नाही. या योजनेवर दुबईच्या एका वर्तमानपत्रात मी लिहीत होतो, म्हणून अधूनमधून त्यांच्यामागे फिरत असे.

मामांची अरबी कामापुरती होती. "शब्द थोडे, पण ठोकून बसवलेत," असं ते म्हणत. त्यातलाच एक खिळा पुढे निसटला.

एका सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे एक दार वाजवलं. शेजारच्या गच्चीवरून एक बाई ओरडली, "बैत खाली!" बैत म्हणजे घर, खाली म्हणजे रिकामं. मामा "शुक्रन" म्हणाले आणि आत गेले. एका खोलीला कुलूप होतं, बाकी छप्पर लोंबत होतं. त्यांनी ठिपका काढला. मीही वहीत 'रिकामं' असंच टिपलं.

दोन महिन्यांनी मजुरांनी अर्धं छप्पर उतरवलं आणि त्याच दुपारी सत्तरीचा एक म्हातारा हातात कापडी पिशवी घेऊन अंगणात येऊन उभा राहिला. सालेम त्याचं नाव. जुना खलाशी. खोर फक्कानला बहिणीकडे गेला होता तो आज परतला होता. त्याने वर पाहिलं. वर आकाश होतं.

मामांना बोलावणं गेलं. शेजारची बाईही आली. ती त्याची भाची निघाली.

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "बैत खाली!"

अरबीत 'खाल' म्हणजे मामा. 'माझा मामा' म्हणायचं तर 'खाली'. बाईने माझ्या मामाचं घर म्हटलं होतं. आम्ही दोघांनी रिकामं घर ऐकलं होतं.

मामांनी चूक लिहून दिली. योजनेच्या मुदीरने, म्हणजे साहेबाने, कागद दोनदा वाचला. "उद्या सकाळी मी स्वतः येतो. घरात माणूस राहत असेल तर काम बंद." काम बंद म्हणजे सालेम अर्ध्या छपराखाली आणि मामा गावी.

सालेम हटायला तयार नव्हता. भाचीच्या नवऱ्याशी त्याचं पटत नव्हतं. गलबतावरून मुंबईच्या फेऱ्या करताना शिकलेल्या हिंदीत तो म्हणाला, "हम किधर नहीं जाएगा."

"यल्ला, मेरे पास चलो," मामा म्हणाले.

"तुम्हारे पास? तुमने तो मेरा छत निकाला!"

"इसीलिए. जब तक तुम्हारा छत नहीं, मेरा छत तुम्हारा."

दुसऱ्या दिवशी मुदीर आला. मामांनी त्यालाही दारात थांबवलं, तीनदा टकटक केली आणि चपला काढल्या. मुदीरने घड्याळ पाहिलं. आतून उत्तर आलं नाही.

"बैत खाली," मामा म्हणाले.

"कुठला खाली?"

"दोन्ही, साहेब. घर मामाचं, आणि कालपासून रिकामं."

मुदीर हसला आणि त्याने सही केली. मामा मला म्हणाले, "छप्पर बसू दे, मग छापा." छप्पर बसायला चार महिने लागले. तोवर ती बातमी राहिली नव्हती.

ते चार महिने मामांच्या एका खोलीत दोन चुली पेटल्यासारखं झालं. सुरमईला सालेम कनद म्हणे. मामांनी नारळाच्या रश्शात घातलेली पाहून तो म्हणाला, "मछली पानी से निकाला, तुम वापस पानी में डाला?"

"और तुम लोग तो उसको चावल में दफन करता है!"

सगळे 'मामा' का म्हणतात, हे त्याने एकदा विचारलं. अर्थ कळल्यावर तो पोट धरून हसला. त्या दिवसापासून आपल्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेल्या माणसाला तो 'खाली' म्हणू लागला.

सालेम घरी परतला त्या आठवड्यात मामा त्याच्याकडे गेले आणि सवयीने तीनदा टकटक केली. आतून आवाज आला, "कौन?" इतक्या वर्षांत हिरव्या ठिपक्याच्या दारातून पहिल्यांदाच उत्तर आलं होतं. मामा तसेच दारात उभे राहिले, चपला हातात घेऊन.

पुढे दर गुरुवारी सालेम मासा घेऊन मामांच्या खोलीवर येत असे.

दोन हजार सालानंतर मामांचा व्हिसा संपला आणि ते कायमचे गावी गेले. त्यांना विमानतळावर सोडून मी खोलीची किल्ली नातूरला, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराला, द्यायला आलो, तर त्याने नव्या भाडेकरूंसाठी दारावर खडूने अरबीत लिहूनही टाकलं होतं: बैत खाली. दारासमोर सालेम उभा होता. एका हातात सुरमई, दुसऱ्यात चपला. मामा कधी जाणार, हे त्याला ठाऊक होतं.

त्याने तीनदा टकटक केली.

"चाचा, पढ़ा नहीं क्या? दरवाज़े पे लिखा है," नातूर म्हणाला.

"पढ़ा," सालेम म्हणाला. "खाली का घर है. इसीलिए तो रुका है."