पोरी पाणी पीत नव्हत्या

मी वर्ध्याजवळ पिपरी मेघेत मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करते. माझं माहेर कोकणात, राजापूरच्या खाली. सातवीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं, नवऱ्याला इकडच्या कारखान्यात काम लागलं म्हणून वर्ध्याला आले. नवरा गेल्यावर परत जावं असं तिकडे कोणी उरलं नव्हतं. वसतिगृहाच्या मॅडमनी काम दिलं, मागची खोली राहायला दिली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण तेव्हापासून ऑफिसात बोलावलं की मी आधी खोलीची किल्ली चाचपते. वाटतं, आता सांगतील, उद्यापासून येऊ नका. मॅडम बोलावतात ते डाळ किती उरली हे विचारायला.

आमच्या पोरींचा सॉफ्टबॉलचा संघ आहे. क्रिकेटच्या जवळचाच खेळ, पण बॅट गोल, चेंडू मोठा, आणि चेंडू टाकणारी हात खालून गरकन फिरवून टाकते. तिला पिचर म्हणतात. आमची पिचर तेव्हा दहावीत होती. गोंड घरातली, आर्वीच्या पुढे जंगलाला लागून तिचं गाव. आमच्याशी मोजकं बोले, आईशी फोनवर त्यांच्या भाषेत बोलायला लागली की थांबत नसे. बापाने सांगून ठेवलं होतं की विभागाच्या संघात नाव आलं तर पुढे शिक, नाही तर दहावी झाली की घरी ये. घरी येणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. मीही सातवीनंतर घरीच आले होते.

ती निवड एका शनिवार-रविवारच्या स्पर्धेत होणार होती, दुसऱ्या तालुक्याच्या गावी. पोरींबरोबर एक बाई लागते. नेहमी जाणाऱ्या शिक्षिकेचा पाय मुरगळला, म्हणून मला पाठवलं. खेळाच्या सरांनी माझ्या गळ्यात पट्टा अडकवला, त्यावर ‘व्यवस्थापक’ असं छापलेलं. आमची कॅचर, म्हणजे पिचरचा चेंडू झेलणारी, फार बोलकी पोरगी. ती म्हणाली, “काकू, आता तुमी मॅनेजर झाल्या. आमच्यावर लय रुबाब नोका करजा.”

नवरात्राचे दिवस होते. शाळेच्या मैदानावर कमान उभारलेली, कमानीवर बक्षिसं द्यायला येणाऱ्या साहेबांचं तोंड बैलगाडीएवढं. खुर्च्यांना पांढरे कपडे, मंडपाला झालर, वाटेत रांगोळी. उतरायला आम्हाला एक वर्ग दिला होता. पोरींनी बॅगा ठेवल्या आणि संडास कुठे म्हणून विचारलं. शाळेच्या मागे, असं शिपायाने बोट केलं.

मी आधी जाऊन बघितलं. दार होतं, कडी नव्हती. आत पाय ठेवायला जागा नव्हती. सुकलेल्यावर ओलं, ओल्यावर माशा, आणि मी दार लोटल्याबरोबर त्या सगळ्या उठून माझ्या तोंडाशी आल्या. भिंतीला खर्‍याच्या पिचकाऱ्या, तंबाखू-सुपारीच्या. खिडकीत कोणाचं तरी वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून खोचलेलं, त्याचा कागद मुंग्यांनी खाल्लेला. नळाची तोटी होती, पिरगाळली तर नुसती फुसफुसली. मी मागे आले आणि भिंतीला धरून ओकले. सकाळचा चहाच काय तो पोटात होता.

मंडपात स्पर्धेच्या समितीचे सेक्रेटरी उपासाचा चिवडा खात होते. मी पट्टा पुढे करून सांगितलं. ते म्हणाले, “ताई, खेडं आहे हे. मागं नाला आहे ना, झाडं आहेत.” नाल्याच्या काठी गावातली पोरं मोबाईल घेऊन बसलेली मी बघितली होती. मी म्हटलं, तिथे कशा जातील मुली? त्यांनी चिवड्याचा कागद चुरगाळला, खुर्चीखाली टाकला आणि म्हणाले, “दोन दिवसाचा तर प्रश्न आहे.”

पहिला सामना आम्ही सहज जिंकलो. दुपारी दुसऱ्यात मात्र आमच्या पिचरचा चेंडू भलतीकडे जायला लागला. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर. तिचे ओठ पांढरे पडले, आणि चेंडू टाकता टाकता ती गुडघ्यावर बसली. सर धावले, ऊन लागलं म्हणाले. मी बाटली दिली. तिने ओठ ओले केले आणि उरलेलं पाणी हळूच मागे मातीत ओतलं. मला ते दिसलं.

“प्यायलीस?”

“पेली ना काकू.”

ती कशीबशी उठली आणि आम्ही तो सामना जेमतेम काढला. संपल्यावर मी कॅचरला बाजूला घेतलं. तिने आधी इकडेतिकडे बघितलं.

“आमी कोनीच पेत नाई काकू. पेलं का मंग तिथं जा लागते ना. सकाळीच ठरवलं सगळ्याइनं. आता घरी जाऊनच पेऊ.”

“उद्या संध्याकाळपर्यंत?”

“रोजा समजाचा.”

ती हसली. मला हसू आलं नाही. मीही सकाळपासून घोटभर पाणी घेतलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. कोणी सांगितलं नव्हतं, ठरवलं नव्हतं. बाई म्हणून ते अंगातच असतं बहुतेक.

शाळेसमोर एक बरं घर होतं, अंगणात सारवण, मागे पत्र्याचं न्हाणीघर आणि संडास. मी धीर करून दार वाजवलं. एक बाई आली, माझ्याच वयाची. माझं बोलणं ऐकून म्हणाली, “कुठच्या वो तुमी?”

“कोकणातली.”

“बाप्पा, तेवढ्या दुरून खेळाले आल्या?”

“मी नाही खेळत. पोरी खेळतात.”

तिला हसू आवरेना. मग अडचण सांगितली तर तिने क्षणभरही विचार केला नाही. “येऊ द्या ना पोट्ट्याइले. माझी पोरगीबी होस्टेललेच राह्यते. फक्त एक सांगतो, आमच्या घरी घट बसले आहेत. अडचनीतली कोनी नसन ना त्याइच्यात?”

“नाही,” मी म्हटलं.

पोरी दोघी-दोघी करून गेल्या, येताना घटाघटा पाणी प्यायल्या. पिचर गेली नाही. वर्गाच्या पायरीवर ग्लव्ह मांडीत घेऊन बसून राहिली.

“मी अडचनीत आहो काकू. कालपासून.”

“कोणाला कळणार आहे?”

“घटाले कळन ना.”

“देवीला काय तुझ्याशिवाय उद्योग नाहीत?”

“खोटं बोलून नाई जात मी कोनाच्या घरी,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, नुसतं सांगितलं. मला तिचा राग आला, त्या भल्या बाईचा आला, घटाचा येता येता राहिला. आणि सगळ्यात जास्त राग त्या झालरीचा आला. झालर लावायला माणसं मिळाली होती.

मग दुसरं काही उरलंच नाही. किराणा दुकानातून ॲसिडची बाटली, फिनेल आणि खराटा आणला. सर आणि कॅचर बोरिंगच्या हापशावरून बादल्या भरून आणायला लागले. सर दारापर्यंत यायचे, बादली ठेवायचे आणि मान वळवून परत जायचे. मी पदर नाकाला बांधला. ॲसिड ओतल्यावर जो फेस आला आणि जी वाफ निघाली, ती डोळ्यांत गेली. खराट्याने खरवडलं तर खालून आणखी निघालं. एकेका थराला वेगळा वास होता. ते खिडकीतलं पॅड मी दोन काड्यांनी उचललं. कोणाची तरी पोरगी ते तिथे खोचून बाहेर गेली असेल, कोणाला दिसू नये म्हणून.

कॅचर ओढणीने नाक झाकून उभी होती. “काकू, याच हातानं सैपाक करता ना तुमी आमचा?”

“ह्याच.”

“मंग मी आता खिचडी नाई खात.”

“बरं झालं, तांदूळ वाचेल.”

तेवढ्यात समितीतला एकजण फोन घेऊन आला. “ताई, इकडं पाहा जरा. खराटा वर घ्या. असं. ग्रुपवर टाकतो.” मी वर बघितलं तेव्हा त्याने फोटो काढलाही होता, आणि फोन खिशात घालून नाकावर रुमाल धरून तो गेला. हाताला आलेली ती बादली त्याच्या पायावर ओतावी असं मला वाटलं. ओतली नाही. माझ्यात तेवढी हिंमत कुठली.

कडीच्या जागी सुतळी बांधली, म्हणजे बाहेर कोणीतरी धरून उभं राहायचं. पिचर आत गेली, मी सुतळी धरली. बाहेर आल्यावर तिने अख्खी बाटली संपवली, मग माझीही संपवली. दुसऱ्या संघांच्या मुलीही यायला लागल्या. त्यांनाही त्या दिवशी बहुतेक रोजाच होता.

रविवारी सकाळी मी तिकडे गेले तर आतून खाकरण्याचा आवाज. पुरुषाचा. सेक्रेटरी बाहेर आले, रुमालाला हात पुसत म्हणाले, “मस्त केलं ताई. घरच्यासारखं वाटते.” त्यांच्यामागे आणखी दोघे टॉवेल घेऊन उभे होते, आणि पलीकडे भिंतीशी पोरी खाली मान घालून थांबलेल्या. पुरुषांचा संडास वेगळा होता. पण तो घाण होता ना.

आत जाऊन बघितलं. लादीवर ताजी लाल पिचकारी. मी परत धुतलं. मग मंडपातली एक प्लास्टिकची खुर्ची उचलून आणली, दारासमोर ठेवली आणि बसले. टॉवेलवाले आले तर म्हटलं, इथे मुली जातात. ते काहीबाही पुटपुटत गेले.

अंतिम सामन्याला साहेब येणार म्हणून खेळ थांबवून ठेवला होता. दोन्ही संघ उन्हात रांगेत उभे. साहेब आले ते नवरात्राचा नेम म्हणून अनवाणी, कपाळाला कुंकू, बरोबर दहा-बारा माणसं. हारतुरे सुरू झाले तशी आमची पिचर रांगेतून सुटून पळत आली. “काकू, पॅड बदला लागते,” एवढंच म्हणाली आणि आत गेली. मी सुतळी धरून खुर्चीत बसले.

आणि साहेब तिकडेच आले. अनवाणी पायांनी पुरुषांच्या त्या घाणीत जाववलं नसतं. पुढे सेक्रेटरी, मागे आमचे सर.

“ताई, जरा बाजूले व्हा. साहेबाइले जायचं आहे.”

“आत मुलगी आहे.”

“मंग तिले बाहेर काढा ना लवकर.”

“येईल ती.”

“वयखत नाई काय तुमी साहेबाइले?”

“ओळखते. कमानीवर बघितलं.”

मला ते चेष्टेने म्हणायचं नव्हतं, पण मागचा कोणीतरी फिसकन हसला. सेक्रेटरींचं तोंड लाल झालं. सर वाकून माझ्या कानाशी म्हणाले, “काकू, उठा ना. तिची निवड आहे आज. नावं साहेबांच्या हातूनच जातात सगळी.” ते मला घाबरवत नव्हते, त्यांनाच घाम फुटला होता. आणि ते खरं बोलत होते. आमच्या वसतिगृहाचे कागदही त्याच साहेबांच्या टेबलावरून जातात, हे मी मॅडमच्या तोंडून ऐकलेलं. म्हणजे एका सुतळीवर त्या पोरीची अकरावी, मॅडमचं अनुदान आणि माझी खोली, सगळंच.

आतला पाणी ओतण्याचा आवाज थांबला होता. तिने ऐकलं होतं.

मी सुतळी बोटांना गुंडाळली आणि जरा मोठ्यानेच म्हटलं, “सावकाश कर गो. काही घाई नाही.”

मग साहेबच हसले. “राहू द्या, राहू द्या. आपल्याले काय, कुठंही चालते.” ते शाळेच्या भिंतीच्या कोपऱ्याशी गेले, जिथे मुलींच्या पाण्याचे कॅन ओळीने ठेवले होते त्याच्या पलीकडे, आणि पाठ करून उभे राहिले. सगळी माणसं आज्ञाधारकपणे दुसरीकडे बघायला लागली. मी बघत राहिले. का कोण जाणे, मला नजर काढता येईना. ओल भिंतीवरून खाली आली, वाळूतून कॅनकडे सरकली. साहेबांनी हात कुर्त्याला पुसला आणि मंडपाकडे निघाले.

ती बाहेर आली तेव्हा कोणाकडे न बघता सरळ मैदानात गेली. आम्ही एका रनने हरलो. तिच्या हातून एक सोपा झेल सुटला, पण चेंडू तिने असा टाकला की समोरच्या मुली बॅट फिरवत राहिल्या. निवडीची नावं एकेक वाचली. तिचं येईना. सर खाली बघून बुटाने माती उकरत होते, मी देवीचं नाव घेत होते, काल तिच्यावर रागावता रागावता राहिले होते तरी. शेवटून दुसरं नाव तिचं.

साहेबांनी स्वतः प्रमाणपत्र दिलं. “शाब्बास बेटा,” म्हणाले आणि डोक्यावर हात ठेवला, केसांवरून फिरवला, फोटो नीट येईपर्यंत तसाच ठेवून थांबले. सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. त्या हाताला पाणी लागलेलं नव्हतं.

मॅडम त्यावरून मला आजवर काही बोललेल्या नाहीत. त्यांच्या कानावर गेलं नसेल असं नाही. त्यांच्या उपकारांत मी हेही धरते. बापाने शब्द पाळला, पोरगी पुढे शिकते आहे.

पण त्या दिवशी गाडीपाशी ती आईशी फोनवर बोलत होती, त्यांच्या भाषेत, भराभरा. मला त्यातला फक्त ‘सिलेक्शन’ हा शब्द कळला. फोन ठेवल्यावर मी तिला बोरिंगवर नेलं, कॅचरला दांडा मारायला लावला आणि तिला ओणवी करून डोक्यावर साबण चोळला.

“काकू वो, घरी जाऊन नाहाचंच आहे ना मले. आत्ताच काऊन?”

“धूळ बसलीय. वाक खाली.”

पोरी गाडीतून डोकी काढून हसत होत्या. तिचं डोकं धुऊन झालं, पाणी निथळलं. मी पुन्हा साबण लावला.